आत्याच्या शिकाऊ गाडीला टर्बो

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो. वाकल्याबरोबर कंबरेत अशी कळ आली की पुढचं सगळं पत्र पलंगावर आडवं पडून, छातीवर पुठ्ठा ठेवून लिहितो आहे. अक्षर वाकडं वाटलं तर दोष कंबरेचा. मजकूर वाकडा वाटला तर दोष माझा.)

तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा डोळ्यांवर असतो की टीव्हीवर? गुडघा काय म्हणतो? आणि तुझ्या खालच्या मजल्यावरचे काका अजून गाडी तिरकीच लावतात का, आणि तू अजून बाल्कनीतून "मागे, मागे, आता चाक सरळ, अहो सरळ म्हणजे सरळ!" असं ओरडून त्यांचा रक्तदाब वाढवतेस का? हे सगळं मी अगदी मनापासून विचारतो आहे. तू म्हणशील, हा कधी नव्हे ते माझ्या गुडघ्याची चौकशी करतोय, म्हणजे याने नक्की काहीतरी मोडलंय. आत्या, मोडलंय.

गाडीबद्दल आहे. तू एकदम घाबरू नकोस, गाडी आहे. म्हणजे गाडी म्हणता येईल असं बरंचसं अजून एका जागी आहे. तू ड्रायव्हिंग क्लास बंद केलास, टपावरची 'शिकाऊ' पाटी स्वतःच्या हाताने उतरवलीस आणि गाडीची किल्ली माझ्याकडे दिलीस, तेव्हा काय म्हणाली होतीस ते मला चांगलं आठवतं. "ही सूनबाईला. घरात तेवढी एकच शिकायची राहिलीय. तू फक्त तेलपाणी बघ." म्हणजे गाडी माझी नव्हती. तुझ्या सूनबाईची, म्हणजे माझ्या बायकोची होती. तू शिकवलेली माणसं आज निम्म्या शहरात गाड्या चालवतात, पण तुझी स्वतःची सूनबाई खांद्याला मशीनची जड पिशवी लावून बसच्या रांगेत उभी असते. तुला माहीत आहे, ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर क्लिनिक, आणि संध्याकाळी ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी जाऊन त्यांचे हातपाय हलवून घेणं. ती गाडी तिला हवी होती. शौक म्हणून नाही, खांदा दुखतो म्हणून. हे मला माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम इथेच लिहून टाकतो, कारण पुढे मी ते माहीत नसल्यासारखा वागलो आहे.

सुरुवात दातांपासून झाली. (माझ्या आयुष्यात सगळ्याच गोष्टींची सुरुवात दातांपासून होते, कारण मी दिवसभर कवळ्याच बनवतो.) एक फ्रिज-एसी दुरुस्त करणारा माणूस आमच्या लॅबमध्ये माप द्यायला आला. कॉम्प्रेसरचा दांडा तोंडावर बसून त्याचे समोरचे दात गेले होते. मापाचं मेण तोंडात असताना माणसाला बोलता येत नाही, त्यामुळे तो खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या तुझ्या गाडीकडे नुसता बघत बसला. मेण काढल्यावर पहिलं वाक्य दाताबद्दल नव्हतं. "ही गाडी मागच्या चाकांवर चालते ना?" मी म्हटलं, हो, जुनी आहे, ताकद मागच्या चाकांना जाते. त्याने माझा हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. (मेणाचा चटका बसला असेल, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही.) तो म्हणाला, "साहेब, अशी गाडी आता मिळत नाही. ही ड्रिफ्टसाठी जन्माला आलीय."

ड्रिफ्ट म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. वळणावर गाडीचा मागचा भाग मुद्दाम घसरवायचा आणि गाडी आडवी चालवत वळण पार करायचं, याला ड्रिफ्ट म्हणतात. थोडक्यात, तू ज्या गोष्टीबद्दल आयुष्यभर मुलांना नापास केलंस, ती ठरवून करायची आणि वर त्याचे गुण मिळवायचे. शहराबाहेर टाइल्सचा एक बंद पडलेला कारखाना आहे, त्याच्या आवारात शंकू आणि जुने टायर मांडून ही मंडळी रविवारी जमतात. फ्रिजवाला दर वेळी बघायला जायचा, पण त्याच्याकडे गाडी नव्हती. माझ्याकडे गाडी होती, अक्कल नव्हती. आमचं लगेच जमलं.

आता तू विचारशील, तुला हे सुचलं तरी का? आत्या, मी पंचेचाळिशीचा माणूस. सकाळी प्लॅस्टर कालवतो, दुपारी मेण वितळवतो, संध्याकाळी दुसऱ्यांच्या हिरड्यांना गुलाबी रंग जमतोय का ते बघतो. माझं काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाला दिसत नाही. कवळी चांगली बसली तर माणूस ती विसरूनच जातो. मला वाटलं, एकदा तरी आपण असं काहीतरी करावं की लोकांनी वळून बघावं. (हे कारण आहे. सबब नाही. सबब याहून बरी शोधली असती.)

घरी मी सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला टाकली आहे. तुझी सूनबाई म्हणाली, बरं. पुढच्या आठवड्यात म्हणाली, झाली का? मी म्हटलं, क्लचप्लेट मागवली आहे. मग म्हटलं, ती आली पण चुकीची आली. मग मेकॅनिकची आजी वारली. नंतर एकदा घाईघाईत मी त्याची आजी पुन्हा मारली. सूनबाईने फक्त विचारलं, "आईकडची का?"

फ्रिजवाल्याच्या शेडमध्ये आमचं काम चालायचं. दोन्ही बाजूंना बंद पडलेले फ्रिज उभे. त्यांच्यात तो सामान ठेवतो, अंड्यांच्या कप्प्यात नट, भाजीच्या ड्रॉवरमध्ये ते आवळायचे पाने, आणि बर्फाच्या खणात त्याचा डबा. आधी आम्ही गाडी हलकी केली. हलकी करणं स्वस्त असतं, नुसतं काढून टाकायचं. मागची सीट काढली, गालिचे काढले, दारांची आतली अस्तरं काढली, रेडिओ काढला. तू आरशाखाली चिकटवलेली 'आधी आरसा बघ' ही चिठ्ठी मात्र काढवेना. (नंतर ती उष्णतेने आपली आपणच पडली.) तुझ्या बाजूचे पेडल, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशी असलेले जादा क्लच आणि ब्रेक, तेही काढायचे होते. त्यांचे बोल्ट गंजून असे बसले होते की पाना तुटला पण बोल्ट हलला नाही. म्हणून ते राहिले. फ्रिजवाल्याला मी सांगितलं, आत्याची आठवण म्हणून ठेवले. माणूस खोटं बोलायला लागला की जिथे गरज नाही तिथेही बोलतो.

मग टर्बो. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्याच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो, तो दुसरा पंखा फिरवतो, आणि तो दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त, तर ताकद जास्त. कल्पना एवढी साधी आहे की मला वाटलं, आपणही करू शकू. नवा टर्बो परवडण्यासारखा नव्हता. भंगारवाल्याकडे एका ट्रकचा निघालेला पडून होता. तुझी गाडी लहान आणि टर्बो ट्रकचा, म्हणजे लहान मुलाच्या तोंडात मोठ्या माणसाची कवळी बसवण्यासारखं होतं ते. माझ्याच धंद्यातली गोष्ट, पण मला दिसली नाही. फ्रिजवाला म्हणाला, "मोठा म्हणजे चांगलाच की." आणि मी मान डोलावली.

त्या टर्बोची एक गोष्ट मला सांगायलाच हवी. ती सांगितल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही, आणि ती सांगावी लागू नये म्हणून मी आतापर्यंत दात आणि अंड्यांचे कप्पे लिहीत बसलो होतो. भंगारवाल्याकडून टर्बो घेऊन मी बसने घरी निघालो होतो. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, मांडीवर. पुढच्या स्टॉपवर बसमध्ये तुझी सूनबाई चढली. खांद्याला तीच पिशवी, केस विस्कटलेले, पांढरा कोट हातावर. मला बघून तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आत्या. मी उठून तिला जागा दिली. एवढी तरी रीत पाळली. ती बसली आणि म्हणाली, "दे ते, उभ्याने कसं धरशील?" तिने टर्बो स्वतःच्या मांडीवर घेतला. म्हणाली, "केवढं जड आहे रे. काय आहे?"

मी म्हटलं, "कवळ्या घासायचं मशीन. लॅबचं. जपून धर."

ती घरापर्यंत ते दोन्ही हातांनी सांभाळत आली. गचका बसला की टॉवेल नीट करायची. तिची पिशवी माझ्या खांद्यावर होती आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती किती जड आहे. उतरल्यावर बघितलं तर तिच्या पांढऱ्या कोटाला काळ्या तेलाचा हा एवढा डाग. ती म्हणाली, "असू दे, निघेल." निघाला नाही. तो कोट ती आता घरात झाडलोट करताना घालते, आणि ती तो घालून झाडायला लागली की मी दुसऱ्या खोलीत जातो.

यानंतर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी उलट घाई केली. वाटलं, लवकर एकदाचं होऊन जाऊ दे, एक रविवार भागवू, मग सगळं काढून गाडी होती तशी करू आणि तिला देऊ. टर्बो बसवायला लोखंडी नळ्यांची जुळणी लागते, ती दारं-खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या एका वेल्डरने केली. काम पक्कं, पण सवयीने त्याने मधोमध एक लोखंडी फूल जोडलं. टप कोसळला तर जीव वाचावा म्हणून आत पाइपांचा पिंजरा लागतो, तोही त्यानेच केला, आणि त्याच्या कोपऱ्यांत फाटकावर असते तशी वेलबुट्टी आली. टर्बोची गरम हवा थंड करायला फ्रिजवाल्याने एसीची जाळी बसवली. "थंड करणं माझं खानदानी काम," असं म्हणाला. त्या जाळीतल्या नळ्या एवढ्या बारीक की इंजिन दम्याच्या पेशंटसारखं श्वास घ्यायला लागलं. हवेच्या नळीचा एक कोपरा कुठेच मिळेना, तो मी स्वतः लॅबमध्ये कवळीच्या मसाल्याचा ओतला. त्यामुळे काळ्या इंजिनात मधोमध हिरडीच्या गुलाबी रंगाचा एक तुकडा आहे. अतिशय सुबक आहे. त्यात जो मसाला गेला तो एका आजोबांच्या कवळीसाठी आणला होता. त्यांना मी पंधरवडाभर पातळ खायला लावलं आणि सांगितलं की हिरडी अजून बसायची आहे. आजोबांनी जाताना माझे आभार मानले.

पहिली चाचणी शेडच्या मागच्या गल्लीत घेतली. मी पाय दाबला. काही नाही. आणखी दाबला. काही नाही. एवढा मोठा पंखा फिरायला वेळ लागतो हे आम्हाला माहीत नव्हतं. मी फ्रिजवाल्याकडे वळून म्हटलं, "फुकट गेलं रे सगळं," आणि 'सगळं' हा शब्द संपायच्या आत गाडी निघाली. त्या वेळी मी समोर बघत नव्हतो. रिकाम्या खोक्यांचा एक डोंगर होता, तो आता नाही. पाय काढल्यावर नळीतून हत्ती शिंकल्यासारखा आवाज आला. फ्रिजवाला नाचत होता. त्याच्या नव्या दातांचं ते पहिलं मोकळं हसू होतं. दात छान बसले होते, तेवढंच मला समाधान.

रविवार उजाडला. घरी मी सांगितलं, कवळीवाल्यांचं संमेलन आहे. सूनबाईने मला डबा करून दिला. मी तो घेतला.

आता तिला कसं कळलं ते ऐक. त्या वेल्डरची पाठ धरली होती, आमचाच पिंजरा वाकवताना. तो नेमका तिच्या क्लिनिकमध्ये गेला. पालथा पडल्यावर माणूस मनातलं सगळं बोलतो, असं ती नेहमी सांगते. त्यानेही सांगितलं की एक दातवाला आहे, चांगल्या घरचा दिसतो, पण डोकं फिरलंय. एक शिकाऊ गाडी होती, तिचं काय केलंय बघा, आणि रविवारी पळवणार आहे, तुम्हीही या गंमत बघायला. तिने विचारलं, गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूला पेडल आहेत का? तो म्हणाला, आहेत ना, मीच म्हटलं कापून देतो, तर म्हणे आत्याची आठवण आहे.

मी आवारात हेल्मेट घालून उभा होतो. चारी बाजूंना चांगल्या गाड्या आणि तरुण पोरं, आणि आमच्या गाडीभोवती गर्दी, कारण सगळ्यांना लोखंडी फूल बघायचं होतं. गर्दी बाजूला झाली आणि समोर वेल्डर, आणि त्याच्या शेजारी ती. माझ्या तोंडून निघालं, "संमेलन इथेच आहे."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गाडीला एक फेरी घातली. मागची सीट होती तिथे डोकावून बघितलं. दाराच्या उघड्या पत्र्यावरून हात फिरवला, रोग्याच्या पाठीवरून फिरवते तसा. मग म्हणाली, "यातच मला शिकवणार होतास?" मी हेल्मेटचा पट्टा आणखी आवळला. "मग शिकव," म्हणाली. फ्रिजवाल्याच्या हातातलं हेल्मेट घेतलं, शेजारच्या सीटवर बसली आणि पट्टा लावून टाकला. शेजारी एक माणूस बसवायला तिथे परवानगी असते. मला फ्रिजवाला न्यायचा होता. तो म्हणाला, "वहिनींचा मान पहिला," आणि एवढ्या वेगाने मागे सरकला की मला त्याच्या मैत्रीबद्दल शंका यायला लागली.

आम्ही निघालो. सरळ रस्ता, मग डावीकडे मोठं वळण, आणि वळणाच्या बाहेर टायरांची भिंत, तिच्यामागे सगळी माणसं. मी पाय दाबला. काही नाही. मला माहीत होतं की काही नाही होणार, तरी ती शेजारी होती म्हणून लाज वाटली आणि मी पूर्ण दाबला. वळण आलं, आणि टर्बोही आला. दोघं एकदमच. इंजिन किंचाळलं, गाडी टायरांच्या भिंतीकडे झेपावली आणि मी, तुझा भाचा, तुझ्या हाताखाली शिकलेला, तू पहिल्याच प्रयत्नात पास केलेला, मी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकले. पाय मात्र होता तिथेच गोठला, दाबलेला.

पुढचं मला दिसलं नाही, सांगितलेलं लिहितो. तिने तिच्या बाजूचा क्लच दाबला. इंजिन मोकळं सुटून आणखी किंचाळलं. तो पेडल फार कडक आहे, तुला माहीत आहेच. तिचा पाय त्यावरून निसटला. क्लच एकदम सुटला, सगळी ताकद हिसक्यासरशी मागच्या चाकांवर गेली आणि गाडीचा मागचा भाग भिरकन बाहेर आला. आणि मी स्टिअरिंग सोडलेलं असल्यामुळे ते आपलं आपणच उलट्या बाजूला फिरलं, जसं फिरायला हवं अगदी तसं. ही पोरं वर्षानुवर्षं घाम गाळून हेच शिकतात म्हणे. तुझी गाडी, आत्या, धुराचा हा मोठा पडदा सोडत, संपूर्ण वळण आडवी होऊन, माणसांसमोरून, टायरांना नुसती खेटून, सुरेख निघून गेली. मग गुलाबी तुकडा फुटला, दम गेला, आणि गाडी गवतात जाऊन वाफा सोडत उभी राहिली. गवतात एक खड्डा होता. कंबरेची कळ तिथली.

डोळ्यांवरून हात काढले तर टाळ्या! लोक धावत येत होते. परीक्षक म्हणून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते, ते भोंग्यावरून सांगत होते की त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांनी असा आत्मविश्वास बघितला नाही, ड्रायव्हरने चक्क हात सोडले होते! मला खांद्यावर घेतलं. (कंबर तिथेही दुखली.) हातात कप दिला, दिवसातल्या सर्वोत्तम वळणाचा. भोंगा पुढे केला.

आत्या, इथे मी म्हणू शकलो असतो, की मी घाबरलो होतो. एवढंच वाक्य होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "गाडीवर विश्वास हवा. आपण हात सोडले की गाडी आपलं ऐकते." लोक गप्प होऊन ऐकत होते. मी आणखी बोललो. मनगट सैल ठेवण्याबद्दल बोललो. श्वासाबद्दल बोललो. एका मुलीने ते फोनवर रेकॉर्ड केलं. आणि या सगळ्या वेळात ती गर्दीच्या कडेला हेल्मेट काखेत धरून उभी होती, तिचा एक पाय थोडा वर उचललेला, कारण घोटा पेडलवरून निसटताना सोलला होता. रक्त आलेलं मला खांद्यावरून दिसलं. तरी मी भाषण पुरं केलं.

परत येताना आम्ही बसने आलो. गाडी तिथेच राहिली, फ्रिजवाला टेम्पो बघत होता. कप माझ्या मांडीवर. तो कुठे लपवावा कळेना, म्हणून डब्याच्या पिशवीत घालायला लागलो तर आत डबा तसाच भरलेला. ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच बाहेर बघत म्हणाली, "तुला हवी होती तर मागायची होतीस ना. मी दिली असती." बस, एवढंच. नंतर बोलली ती भाजी आणायची का याबद्दल.

मी काय केलं असेल असं तुला वाटतं? दुसऱ्या दिवशी कंबरेला पट्टा बांधून पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांकडे गेलो आणि कप परत दिला. खरं काय झालं ते सांगितलं. ते खूप वेळ हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले, कप त्या बाईंचा आहे, त्यांना द्या. मी तो घरी आणून तिच्यासमोर ठेवला. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, निदान एक वाक्य तरी, ज्यात मला माफ केल्याचं कळेल. तिने कप उचलला, उलटा करून बघितला, म्हणाली, "यात कात्र्या छान राहतील," आणि घोट्याला मलम लावत बसली. तेव्हापासून त्यात कात्र्या आहेत. मी मात्र त्या खोलीत अजून उभाच आहे, असं मला वाटत असतं.

म्हणून हे पत्र. मला तुझ्याकडून माफी नको. (हवी आहे, पण मागायला तोंड नाही.) गाडीतून टर्बो काढला आहे. एसीची जाळी काढली. फूल निघत नाही. सीट पुन्हा बसवली आहे, थोडी डावीकडे झुकते. आजोबांना कवळी दिली, फार चांगली झाली आहे, त्यांनी माझ्यासमोर शेंगदाणे खाऊन दाखवले.

काळजी घे. थेंब विसरू नकोस. काकांना माझा नमस्कार सांग आणि त्यांना तिरकी लावू दे.

तुझा,
तोंड लपवून असलेला भाचा

ता. क. खरी विनंती राहिलीच. तू काही दिवस आमच्याकडे येऊन राहशील का? तिला तू शिकव. माझ्याकडून ती शिकणार नाही आणि तिचं बरोबरच आहे. तू शेजारी बसलीस की झालं, तुझे पेडल आहेतच. तू आलीस तर मीही तिच्यासमोर जरा धड बोलू शकेन, असं वाटतं.

ता. क. २. हे पाकिटात घालणार तेवढ्यात तिने वाचायला मागितलं. दिलं. (आता मी तिला काहीही मागितलं की देतो.) सगळं वाचून झाल्यावर तिने वरच्या ता. क. वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे खोड." मी विचारलं, का? तर म्हणे, तुझा तो मेकॅनिक आजी-आजी करायला लागला तेव्हाच मला कळलं की ही गाडी काही येत नाही. तेव्हापासून ती क्लिनिकजवळच्या एका क्लासमध्ये शिकत होती, सकाळी, मी प्लॅस्टर कालवत असताना. लायसन्स हातात आलं त्याला बरेच दिवस झाले. क्लिनिकच्या मालकीणबाईंची छोटी गाडी घेऊन ती परवापासून पेशंटच्या घरी जातेसुद्धा. मी म्हटलं, म्हणजे त्या वळणावर क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे तुला माहीत होतं? ती म्हणाली, "अरे, गाडी ओढत होती, ओढ तोडायची तर क्लच. तेवढं पहिल्याच दिवशी शिकवतात." मग माझ्याकडे बघून हसली. त्या रविवारनंतर पहिल्यांदा हसली, आत्या. पण कशाला हसली ते मी विचारलं नाही.

ता. क. ३. तरी तू येच. तिचं म्हणणं आहे की शिकवायची गरज मला आहे, आणि तू मला पास म्हणेपर्यंत मी कुठलीच गाडी बाहेर काढायची नाही. मला मान्य आहे. पहिल्यापासून शिकव, स्टिअरिंग धरण्यापासून. तुझी बस कोणत्या दिवशी ते कळव. मी न्यायला येणार होतो, पण ती म्हणाली, "आत्यांना मी आणते. तू घरी थांब आणि चहा टाक."